डेडस्टॉक

केंद्रातून पेटी आली
तेव्हा तिच्यात हवा भरायचा एक पंप होता.
चेंडू पुढील टप्प्यात, असं कागदावर.
सही केली. पंप मिळाला हे खरंच होतं.

मळ्यावरची शाळा, तालुका पलूस, पट सत्तावीस.
मैदान म्हणजे कृष्णेकडं उतरत गेलेली
काळ्या रानाची पट्टी, पलीकडं ऊस.

मग मी मागत सुटले.
धैर्यशीलच्या चुलत्यानं द्राक्षबाग काढली होती,
त्याच्याकडनं ठिबकच्या नळ्या. तोंडाला तोंड,
आत बाभळीची काटकी खुपसून रिंगणं केली अकरा.
बारावं वाकडं झालं, त्यात मांजर झोपतं.
अल्फिया मुलाणीच्या घरून चिंध्या
आणि जोडी हरवलेले मोजे; त्यांचे चेंडू.
भिजले की आठवडाभर दोरीवर,
तो आठवडा लंगडीचा.
रेघा गुऱ्हाळाच्या राखेनं. वारं सुटलं
की हद्द उडून जायची, बाद झालेला आत यायचा.
सांगलीच्या अडतीवरनं हळदीची रिकामी पोती:
पोत्यात उड्या मारून पोरं
कमरेपर्यंत पिवळी होऊन घरी गेली, तेव्हा एक आई म्हणाली,
काय वं बाई, शाळेत लग्नं लावताय का काय?

दसरा झाला, कारखाना पेटला, फडाकडंला कोप्या पडल्या.
शिवकन्या आली, वडवणीकडची, तिसरीतली,
कडेवर भाऊ. समर्थ, अकरा महिने.
खेळाच्या तासाला ती भिंतीपाशी.
"खाली ठिवलं की रडतंय, बाई."
ठेवून पाहिलं. रडलं.
मी घेतलं, तर जास्तच.

पुस्तिकेत यावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाळू, सिमेंटची पोती, दाभण, सुतळी.
दुकानातल्या काट्यावर आधी समर्थला बसवलं:
सात किलो दोनशे.
(कमीच. त्याचा कागद वेगळा गेला.)
तेवढ्याच वजनाच्या पिशव्या शिवल्या चार.

नियम असा: ओझं एका कडेवर, एका हातानं.
लिंबाला शिवून यायचं,
येताना वाटेतला चिंचोका उचलायचा.

धैर्यशील लिंबापर्यंत सगळ्यांच्या पुढं.
चिंचोक्याशी वाकला, पिशवी पुढं गेली, तिच्यामागं तो.
बाकीची कड बदलण्यातच गुंतली.
शिवकन्या पळाली नाहीच.
कमरेत जरा तिरकी, झपाझप चालत आली,
न वाकता पायाच्या बोटांत चिंचोका धरला,
वर हातात घेतला.
समर्थ तिच्या वेणीची रिबीन चघळत होता.

पोरांनी घेरलं, कसं गं?
"वजन हाडावर ठिवायचं, हातावर न्हाई."
मी ते फळ्यावर लिहिलं. दोन दिवस पुसलं नाही.

पण रात्री डोळा लागेना.
खेळ मी तिच्या ओझ्याच्या मापाचा शिवला,
ओझं होतं तिथंच होतं.

जानेवारीत केव्हातरी समर्थ
अल्फियाकडं गेला. रडला नाही.
त्या दिवशी शिवकन्या पहिल्यांदा लंगडी खेळली
आणि लगेच पडली.
मोकळ्या कमरेचा तोल तिला सावरेना.
पडली तिथंच मातीत बसून
हसत राहिली, इतकी, की डाव थांबला.

मार्चात फड संपला. ट्रॅक्टर पहाटेच गेला.
हजेरीवर मी तिचं नाव दोनदा पुकारलं,
सवयीनं.

आता तपासणी आहे. डेडस्टॉकच्या वहीत लिहिते:
पंप, एक नग, सुस्थितीत.
चेंडू, पुढील टप्पा.
रिंगणं अकरा, मांजराचं धरून बारा.
वाळूच्या पिशव्या तीन, उसवलेली एक.
त्यातल्या एकीला पोरं समर्थ म्हणतात,
खेळ संपला की तिला सावलीत ठेवतात.
वजनाच्या रकान्यात सात किलो दोनशे लिहिलं,
मग शेऱ्यात: गेल्या हंगामातलं.

तो आता चालत असेल.